बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) नंतर लँडस्केप करू की अर्बन प्लॅनिंग? (लातूरहून विचारलंय)

नुसतं नाव बघून ठरवू नका, दिवसभर काय करायला आवडेल ते बघा. लँडस्केपमध्ये माती, उतार, झाडं, पाणी कुठून कुठं वाहतं हे सगळं डिझाइनच असतं, ड्रॉइंग सुटत नाही. प्लॅनिंगमध्ये विकास आराखडा, जमीन वापर, वाहतूक, कायदे, आकडेवारी, आणि लोकांशी बोलणं लय. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर प्लॅनिंग घ्या, नगर रचना विभागात त्याचाच उपयोग होतो.

पण आपल्या मराठवाड्याचं म्हणाल तर मला मनापासून लँडस्केप महत्त्वाचं वाटतं, २०१६ ला तुमच्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तिकडं संभाजीनगरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी पुरवलं होतं, हे बघितलं की पाण्याचा विचार करणारी माणसं इथं किती हवीत ते कळतं.

दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, दोन्हीकडं दोन्ही कोर्स आहेत. गेट (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) मात्र आत्ताच द्या, पेपर आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा एकच असतो, त्यामुळं तयारी करता करता ठरवलं तरी चालतंय.