कोळंबी चिवट न होता आणि भात गिच्च न होता घरी कोळंबी-भात कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तांदूळ अर्धा शिजत आला की त्यात सोललेली कोळंबी घालता, झाकण ठेवता, आणि पंधरा मिनिटांनी उघडून बघावं तर कोळंबी चिवट, भात खाली गिच्च आणि वर कणी. शिवाय एवढं करून भाताला कोळंबीची चव नाहीच. उरलेलं सकाळी खाता येईल का, हेही विचारलंय.

माझं साधं म्हणणं आहे : कोळंबी भातात शिजवूच नका. भाताला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मध्यम आकाराच्या कोळंबीला जेमतेम तीन. दोघांना एका झाकणाखाली कोंडलं की एकाचं तरी वाटोळं होणार. आणि भाताला चव द्यायचं काम कोळंबीच्या गराचं नाहीच, ते टरफलांचं आणि डोक्यांचं. तीच बहुतेक घरांत आधी कचऱ्यात जातात.

म्हणून शक्य असेल तर कोळंबी डोक्या-टरफलांसकट घ्या. सोलून झाल्यावर साधारण निम्मंच वजन हाती लागतं, त्यामुळे चौघांसाठी किलोभर तरी हवी. निवडताना वास घ्या. समुद्राचा हलका वास चालतो, नाकात जाणारा अमोनियासारखा वास आला तर परत ठेवा. डोक्याशी थोडा काळेपणा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. हवा लागली की सालीखाली तो रंग येतो. तो नासल्याची खूण असतोच असं नाही, पण अंग बुळबुळीत लागलं तर नको.

आता टरफलं. एका जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवा आणि डोकी-टरफलं त्यात घाला. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल आणि टरफलं कुरकुरीत वाजायला लागतील. या वेळी डोकी उलथन्याने दाबा. आतला नारिंगी रस तेलात उतरतो आणि सगळं तेलच केशरी होतं. कोळंबीचा तो लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून नुसती पाण्यात उकळलेली टरफलं फिकी लागतात. मग चार-पाच वाट्या पाणी, ठेचलेला लसूण, थोडे मिरे घालून मंद आचेवर वीस मिनिटं उकळू द्या. त्याहून जास्त उकळून काही हाती लागत नाही. गाळून घ्या, गाळणीतला चोथा चमच्याने घट्ट दाबा. हेच तुमचं आधण.

सोललेली, गोठवलेली कोळंबीच मिळत असेल तर टरफलं कुठून आणणार? मग मूठभर कोळंबी बारीक चिरून कांद्याबरोबर आधीच खमंग परता. ती चिवट होईल, होऊ दे. ती चवीसाठी बळी द्यायची. बाकीची खाण्यासाठी राखून ठेवा.

भाताचं फार काही नाही. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत. दाण्यावरची पिठी गेली नाही तर तीच पुढे खळ होते. वीसेक मिनिटं भिजवा आणि मग चाळणीत नीट निथळू द्या. निथळणं लोक हमखास टाळतात, आणि पाण्याचा हिशोब तिथेच बिघडतो. कांदा, लसूण, मिरची, तुमचा जो काही मसाला असेल तो तेलात परता, तांदूळ घालून दोन मिनिटं हलक्या हाताने परता. लांब दाण्याच्या दोन वाट्या तांदळाला गाळलेलं पाणी तीन वाट्या, तेही उकळतं. जुना तांदूळ थोडं जास्त पितो, नवा कमी. मीठ घालून चव बघा, पाणी किंचित खारट लागायला हवं. उकळी आली की आच अगदी बारीक करा, घट्ट झाकण ठेवा आणि बारा मिनिटं उघडू नका. खाली गिच्च, वर कणी हे बहुतेक वेळा मोठ्या आचेचं आणि सारखं ढवळण्याचं फळ असतं. बारा मिनिटांनी गॅस बंद करून पुन्हा दहा मिनिटं झाकूनच ठेवा.

ही दहा मिनिटं कोळंबीची.

तोवर ती सोललेली, पाठीवर चीर देऊन काळा धागा काढलेली असायला हवी. तो धागा म्हणजे तिचं आतडं. खाल्ला तर अपाय होत नाही, पण मोठ्या कोळंबीत रेती दाताखाली येते. अगदी बारीक कोळंबीला मी तो काढत बसत नाही. कोळंबी गोठवलेली असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा, नाहीतर पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यात मुळीच नको, बाहेरून शिजायला लागते. मग स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने टिपून अगदी कोरडी करा. ओली कोळंबी पॅनमध्ये परतली जात नाही, उकडली जाते. लिंबू आधी चोळून तासभर ठेवू नका, आंबटपणाने मांस न शिजवताच घट्ट होतं. लिंबू शेवटी.

पसरट पॅन चांगला तापवा. तेल, त्यात थोडं लोणी, मीठ-मिरपूड लावलेली कोळंबी एका थरात, एकमेकींना न चिकटता. सगळी मावत नसेल तर दोन खेपा करा. एका बाजूने दीड मिनिट हात लावू नका. कडेचा काचेसारखा करडा रंग जाऊन पांढरट-गुलाबी वर चढताना दिसतो. तो अर्ध्यापर्यंत आला की उलटा, ठेचलेला लसूण टाका, अजून एक मिनिट.

गुलाबी झाली म्हणजे शिजली, हे अर्धंच खरं आहे. तो रंग मुळात तिच्यात असतोच, प्रथिनाला बांधलेला. उष्णतेने प्रथिन सैल झालं की तो मोकळा होतो, आणि वरून हे आधीच घडतं. खरी पारख पाठीच्या चिरेत, सगळ्यात जाड जागी. तिथे आतला गर अपारदर्शक झाला, काचेसारखा राहिला नाही, की लगेच उतरवा. आकारही सांगतो : सैल बाक आला तर ठीक, शेपूट डोक्याकडच्या टोकाला चिकटून गोल वेटोळं झालं तर वेळ टळली. मटण जास्त शिजवून मऊ होतं, कारण त्यातले चिवट धागे हळूहळू विरघळतात. कोळंबीत तसे धागे फारसे नसतातच, त्यामुळे जास्त आच दिली की मांस आवळतं, पाणी पिळून निघतं आणि उरतो तो नुसता चोथा.

पॅनमध्ये राहिलेल्या रसात लिंबू पिळा, भात काट्याने मोकळा करा, कोळंबी रसासकट वर पसरा, कोथिंबीर, झाकण दोन मिनिटं. वाढा.

पाहुणे असतील तर एक ध्यानात ठेवा. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला ‘कोळंबी बाजूला काढून नुसता भात खा’ म्हणू नका. अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन शिजवून जात नाही, आणि तुमचं आधणच टरफलांचं आहे. त्याच्यासाठी साधा भात वेगळ्या पातेल्यात लावा, उलथनंही वेगळं घ्या.

उरलेलं सकाळी खाता येतं, पण रात्रभर ओट्यावर ठेवलेलं नाही. शिजवूनही भातात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात, आणि भात कोमट पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत, शक्यतो त्याआधीच, पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका. कोळंबी वेचून वेगळ्या डब्यात ठेवा. सकाळी भातावर पाण्याचा हबका मारून झाकणाखाली वाफ येईपर्यंत चांगला गरम करा, आणि कोळंबी अगदी शेवटी, नीट गरम होईल एवढाच वेळ त्यात घाला.