मावसभावाने स्वतः बनवलेलं विमान पुराच्या पाण्यात दोन रात्री उभं होतं, वाळवून परत उडवता येईल का?

राम राम भाऊ. तुम्ही लिहिलंय की मावसभाऊ टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पूर्वेला राहतो, त्याने घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे किटचं छोटं विमान बनवलं, हँगरमध्ये कंबरेएवढं पाणी शिरलं ते दोन रात्री तसंच होतं, परवा उतरलं, आणि आता तो म्हणतो की मोठे पंखे लावून वाळवतो, बॅटरी बदलतो आणि इंजिन सुरू करून बघतो. आधी त्याला फोन लावा आणि सांगा की इंजिन सुरू करू नकोस, प्रोपेलर हाताने पण फिरवू नकोस. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

मी धुळ्याचा. सगळी नोकरी लहान विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेली, सेसना १५२ आणि १७२. आरव्ही-९एला बहुतेक जण लायकमिंगचं ओ-३२० बसवतात, तेच इंजिन कितीतरी जुन्या १७२ ला आहे, त्यामुळे त्यातलं आतबाहेरचं मला ठाऊक आहे. आणि घरी बनवलेलं विमान हा विषय धुळ्याला अगदीच परका नाही, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं त्याच्या चाचण्या २०२० मध्ये आमच्याच धावपट्टीवर झाल्या.

तर उत्तर: हो, उडवता येईल, पण वाळवून नाही. उघडून. पाण्याच्या रेषेखाली जे जे होतं ते सगळं उघडायचं, धुवायचं, बघायचं, मगच परत जोडायचं. नुसतं वाळलेलं विमान वरून चकाचक दिसतं आणि आतून सहा महिन्यांनी, वर्षाने पांढरी पावडर सोडायला लागतं, आणि तोवर तो त्यात बसून हजारो फुटांवर फिरत असणार.

इंजिनचं आधी सांगतो कारण घाई तिथेच होते. तो म्हणेल इंजिन तर वर आहे, बुडालंच नाही. पण कार्ब्युरेटर सगळ्यात खाली, तेलाच्या संपच्या, म्हणजे तळाच्या टाकीच्याही खाली लटकलेला असतो, हवेचं तोंड पुढे खाली, एक्झॉस्टचे पाइप पोटाखाली उघडे. चार सिलिंडरमधला कुठला ना कुठला व्हॉल्व्ह त्या वेळी उघडाच असतो, पाणी पुरेसं चढलं तर तिथून थेट सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. प्रोपेलर फिरवला, पिस्टन वर आला, पाण्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं, त्यानंतर गॅरेजवाल्यांनी हेच सांगितलं होतं की जी गाडी आहे तशी ढकलत आणली ती वाचली, जिला मालकाने किक मारत बसून सुरू करायला बघितलं तिचं इंजिन गेलं. आणि मोटरसायकल रस्त्यात बंद पडते. विमानातला किंचित वाकलेला रॉड जमिनीवर कधी कळतही नाही, तो टेकऑफला पूर्ण ताकद लावल्यावर तुटतो.

म्हणून क्रम असा ठेवायला सांगा. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, मास्टर स्विच ऑन करून दिवे लागतात का हे बघायचंच नाही. मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, चालू आहे असंच धरून चालायचं, स्विच ऑफ असला तरी, कारण त्याची अर्थिंगची वायर पाण्याने खराब झाली असेल तर तो स्विच नुसता नावाला असतो. मग खालच्या बाजूचे चारही स्पार्क प्लग काढायचे, पाणी असेल तर तिथून येईल. तेल काढायचं, पाणी जड असतं म्हणून पाणी आधी येतं, तेल दुधासारखं दिसलं तर प्रश्नच संपला, इंजिन पूर्ण खोलायला ओव्हरहॉल शॉपला पाठवायचं. शॉपवाला म्हणाला महिनाभर नंबर लागणार नाही, तर तोवर रिकामं ठेवायचं नाही, आतून तेलाने भरून ठेवायचं म्हणजे हवा लागत नाही. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो, तिथलं तेल उभ्या विमानात निथळून जातं आणि गंज पहिला तिथेच धरतो. गंजाचा एवढासा ठिपका कॅमला टेकणाऱ्या टॅपेटवर राहिला तरी तो कॅम खात जातो, आणि हे लगेच नाही, बऱ्याच तासांनी फिल्टरमध्ये लोखंडाचे कण सापडतात तेव्हा कळतं. मॅग्नेटो, स्टार्टर, आल्टरनेटर, कार्ब्युरेटर भिजले असतील तर ओव्हरहॉल किंवा नवीन, तिथे पैसे वाचवू नये असं माझं स्पष्ट मत.

आता पाण्याची रेषा. धुवायच्या आधी फोटो काढायचे, सगळ्या बाजूंनी, टेप लावून. विमानाच्या अंगावरची चिखलाची रेषा आणि हँगरच्या भिंतीवरची रेषा दोन्ही मोजायच्या. भिंतीवरची वर असेल आणि विमानावरची खाली, तर विमान तरंगलं होतं. खरंच तरंगतं भो, रिकामं आरव्ही-९ए पाचशे किलोच्या आतबाहेर असतं, खालचे पंख हवेने भरलेले आणि टाकी अर्धी रिकामी, कंबरेएवढं पाणी त्याला उचलायला पुष्कळ आहे. मग ते फिरतं, शेपूट कुठे आपटते, पंखाचं टोक पत्र्याला लागतं, आणि पाणी उतरताना ते एका चाकावर किंवा एखाद्या टूलबॉक्सवर बसतं. तेव्हा चाकांचे पाय जिथे बसवलेत ती जागा, इंजिन माउंटचे वेल्ड, इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या हे गंज शोधायच्याही आधी बघायला सांगा. आणि इन्शुरन्सवाल्याला कळवल्याशिवाय एकही पार्ट काढून फेकायचा नाही.

चिखलाबद्दल जरा जास्त लिहितो कारण तो आपल्या ओळखीचा आहे. ऑस्टिनच्या पूर्वेकडचा तो पट्टा काळ्या मातीचा, तिथल्या मातीला ह्यूस्टन ब्लॅक म्हणतात आणि ती आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीच्याच जातीची, व्हर्टिसॉल. तिथे पण कापूस पिकतो. चोपडा-शिरपूरकडच्या माणसाला सांगायला नको की ही माती ओली असली की फुगते, बुटाला चिकटते, आणि सुकली की दगड. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान असतो, म्हणजे जिथे पाणी शिरलं तिथे ती शिरली, दोन पत्र्यांच्या जोडाच्या फटीत, बेअरिंगमध्ये, बिजागरीच्या पिनेत. आणि एकदा तिथे बसली की ओल धरून ठेवते. म्हणून पंखे लावून वाळवणं हे उलट नुकसानीचं काम आहे, आधी ती माती ओली असतानाच धुऊन काढायची आणि मग वाळवायचं. आत्ता सुकायला लागली असेल तर परत ओली करा.

धुताना प्रेशर वॉशर नको, त्याने चिखल आणखी आत जातो. साधा पाइप, भरपूर स्वच्छ पाणी, सौम्य साबण. त्याआधी तळाची सगळी ड्रेन होल तारेने मोकळी करायची, नाहीतर पंखाच्या पोटात नवीन तळं. कधी नाक वर, कधी शेपूट वर करून निथळायचं. सगळे इन्स्पेक्शन पॅनल, पंखांची टोकं, सीट, कार्पेट, फ्लोअरचे पत्रे बाहेर. कार्पेटखालचा फोम आणि इन्सुलेशन सरळ फेकायचं, ते अॅल्युमिनियमला चिकटून महिनोन् महिने ओलं राहतं. पुराच्या पाण्यात गटार, खत, डिझेल सगळं असतं, हातमोजे घालायला सांगा. मग गरम हवा, कॉम्प्रेस्ड हवा, आणि पूर्ण तपासून झाल्यावर आतून एसीएफ-५० सारखं गंजरोधक तेल फवारायचं, ते फटींमध्ये ओढलं जातं आणि उरलेलं पाणी ढकलतं. ब्रेकवर मात्र उडू द्यायचं नाही.

एक प्रश्न त्याला मुद्दाम विचारा, बनवताना आतून प्राइमर मारला होता का? आरव्हीवाल्यांमध्ये यावर कायम वाद असतो, कारण पत्रा अल्क्लॅड असतो, म्हणजे २०२४ जातीच्या मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर, आणि बरेच जण म्हणतात तेवढं बस आहे. कोरड्या हँगरमध्ये बस आहे पण. कापलेल्या कडांवर, रिव्हेटच्या भोकांच्या आत तो थर नसतो, आणि स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमला टेकलाय अन् मध्ये घाण पाणी आहे तिथे तर बॅटरीच तयार होते, खातं ते अॅल्युमिनियमलाच. पंख जोडणारे मुख्य बोल्ट एकेक काढून भोकं बघायची. प्राइमर नसेल तर बोरस्कोपने, म्हणजे नळीवरच्या कॅमेऱ्याने, बघायचं काम तिप्पट काळजीने, आणि ते पुढची दोन-तीन वर्षं दर वार्षिक तपासणीला परत.

सगळ्यात जास्त भीती मला कशाची वाटते ते सांगतो. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलणारे भाग. हे आतून पोकळ असतात आणि बिजागरीच्या पुढे-मागे वजन तोलून बसवलेले असतात. मागच्या कडेला आत मूठभर गाळ सुकून बसला तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, पण तोल मागे गेला. वेग वाढला की तो भाग थरथरायला लागतो, फ्लटर, आणि ते सुरू झालं की शेपूट किंवा एलेरॉन उखडायला काही सेकंद पुरतात. पायलटला काही करायला वेळच मिळत नाही. पूर्ण वाळवलं, इंजिन नवीन टाकलं, रंग मारला आणि एलिव्हेटर उघडून बघितला नाही, असं विमान मी कोणालाही उडवू देणार नाही. काढायचे, हलवून आवाज ऐकायचा, धुवायचे, आणि किटच्या मॅन्युअलप्रमाणे तोल परत तपासायचा.

चाकांची बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस, किंवा सरळ नवीन बेअरिंग, स्वस्त आहेत. ब्रेकमधलं लाल तेल बदलायचं. रडरच्या केबल वाकवून, त्यावरून कापड फिरवून बघायच्या, तुटलेली तार कापडात अडकते. पुशरॉडच्या पोकळ नळ्यांमध्ये पाणी अडकतं, त्या काढून उभ्या करायच्या. रॉड-एंड बेअरिंग खरखरीत लागली की बदलायची.

वायरिंगमध्ये पाणी तारांच्या मधून वर चढतं, रेषेच्या वर सुद्धा, म्हणून रेषेखालचे कनेक्टर कापून टोक काळं-हिरवं आहे का बघायचं, तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापायचं. ऑटोपायलटचे सर्व्हो, ईएलटी (अपघातात सिग्नल देणारा ट्रान्समीटर), वेग-उंची मोजणाऱ्या पिटो-स्टॅटिकच्या नळ्या हेही तपासायचं. बॅटरी लिथियमची असेल आणि बुडाली असेल तर ती हँगरच्या बाहेर मोकळ्यावर ठेवायला सांगा आज, ती नंतर पेट घेऊ शकते. पेट्रोल पूर्ण काढायचं, टाकीच्या व्हेंटची तोंडं पोटाखाली असतात, आणि तो इथेनॉलवालं गाडीचं पेट्रोल वापरत असेल तर ते पाणी शोषून घेतं, मग नुसतं टाकीच्या तळाचं पाणी सोडून भागत नाही, टाकी, लाइन, फिल्टर, गॅस्कोलेटर (पेट्रोलमधलं पाणी-कचरा अडवणारी वाटी) सगळं साफ करायचं.

लॉगबुकं आणि बांधणीच्या वह्या हँगरमध्ये होत्या का? भिजल्या असतील तर पानं सोडवत बसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या, बुरशी थांबते, नंतर सावकाश वाळवता येतात. ती कागदं गेली की विमानाची किंमत पण जाते.

आपल्याकडे पूर ओसरला की घरोघरी एकच वाक्य असतं, आते काय करानं. तुमच्या भावाच्या बाबतीत मला खरंच आशा वाटते, आणि ती यासाठी की विमान त्याने स्वतः बनवलंय. फॅक्टरीचं विमान असतं तर मालकाला परवानाधारक मेकॅनिकशिवाय यातलं बहुतेक काम करता आलं नसतं, त्या मजुरीतच विमान भंगारात गेलं असतं. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानावर दुरुस्ती मालक स्वतः करू शकतो, आणि बांधणाऱ्याने रिपेअरमनचं सर्टिफिकेट घेतलेलं असेल तर वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शनची सही पण तोच करतो. प्रत्येक रिव्हेट त्याच्या हातचा आहे, कुठला पत्रा कशावर बसलाय हे त्याला डोळे मिटून माहीत आहे. फक्त स्वतःचं काम स्वतःच तपासू नये. ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची १९५३ पासूनची संस्था, तिच्या स्थानिक चॅप्टरमध्ये टेक्निकल काउन्सेलर असतात, स्वयंसेवक, त्यातल्या कोणाला बोलवून उघडलेलं विमान दाखवायला सांगा, बंद करायच्या आधी. आरव्ही जगात अकरा हजारांहून जास्त उडालीत, त्या भागात पुरातून काढलेलं एखादं दुरुस्त केलेला माणूस भेटेलच.

आणि तो कंटाळून विकायचं म्हणाला तर पुरात होतं हे लॉगबुकमध्ये स्पष्ट लिहूनच विकायला लावा, घेणारा पण कोणाचा तरी भाऊ आहे.

त्याच्याकडून एवढं विचारून कळवा: पाण्याची रेषा कार्ब्युरेटरच्या वर होती की खाली, प्राइमर होता का, आणि पाणी उतरल्यापासून प्रोपेलर कोणी फिरवलाय का. फिरवला असेल तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.