दुर्मिळ स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

संख्येने कमी असलेल्या स्पोर्ट्स कारच्या वाढत्या किमती पाहून आपण अशी गाडी घेण्याचा विचार करत असाल, तर दुर्मिळता आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. मॅक्लॅरेन एफ-वन या ब्रिटिश स्पोर्ट्स कार केवळ १०६ बनल्या. परंतु २०२१ मध्ये त्यांपैकी एकीला लिलावात दोन कोटी डॉलरहून अधिक किंमत मिळाली, त्यामागे फ्रान्समधील २४ तासांच्या ल मांस शर्यतीत १९९५ मध्ये मिळवलेल्या विजयाचाही वाटा आहे. आपल्याकडची सॅन स्टॉर्मही दुर्मिळच, पण तिला असा वारसा नाही.

नवख्याने, माझ्या मते, २०२० मध्ये भारतात फक्त २०० आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ सारख्या गाडीपासून सुरुवात करावी, कारण तिचे बरेच सुटे भाग इतर मॉडेलांशी जुळतात. इंजिनचा संगणक किंवा सायलेन्सर बदललेली गाडी मात्र, मूळ भाग सोबत मिळत नसतील तर, स्वस्तातही घेऊ नये. जाणकार ग्राहक मूळ स्थितीलाच पैसे मोजतो. (चकचकीत रंगाला भुलणारे पुष्कळ भेटतात.)

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबरी सील, होसपाइप आणि डॅशबोर्ड लवकर खराब होतात, म्हणून बंदिस्त गॅरेजचा खर्च किमतीतच धरावा. गाडी परराज्यातील असल्यास ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील रोड टॅक्स आणि चासी क्रमांक यांची आरटीओत खात्री झाल्याशिवाय विसार देऊ नये.