पहिला खुनाचा खटला आणि मनोविकलतेचा बचाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेकडून तुला मिळालेलं पहिलंच वकीलपत्र खुनाच्या खटल्याचं निघालं. आरोपी मनोरुग्ण आहे, डॉक्टरांचा दाखला हाताशी आहे, म्हणजे निम्मं काम झालं, असं तू लिहिलंयस. तसं समजू नकोस.

भारतीय न्याय संहितेचं कलम 22, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 84, पुन्हा वाच. नुसता आजार त्याला पुरत नाही. कृत्य करतेवेळी त्या आजारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच नव्हती, असं दाखवावं लागतं. या निकषाचं मूळ इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. आजच्या मनोविकारशास्त्रापुढे तो फार अरुंद आहे असं माझं ठाम मत आहे, पण सत्र न्यायालयात लढायचं ते त्याच चौकटीत. म्हणून आज कारागृहात असलेला आरोपी कसा बोलतो, यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. तो खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, हा प्रश्न वेगळा आणि त्याची कलमंही वेगळी. आपल्याला त्या दिवशीचं मन हवंय, आणि तिथे पोचायचं ते आधीच्या नि नंतरच्या पुराव्यावरून.

महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचा खटला मी प्रत्येक ज्युनिअरला वाचायला लावतो. एप्रिल 1994. सकाळची वेळ, बायको न्हाणीघरात कपडे धूत होती, आणि त्याने वाटणाचा दगड तिच्या डोक्यात घातला. खाली दोन्ही न्यायालयांत शिक्षा झाली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. का? वडिलांनाही मानसिक आजार होता. याच्यावर 1992 पासून उपचार चालू होते. घटनेनंतर 27 जून ते 5 डिसेंबर या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. नोकरी सोडायला बायकोचा विरोध होता, एवढाच काय तो हेतू. भरदिवसा मारलं, लपला नाही, पळाला नाही. आणखी एक: पूर्वीचा आजार माहीत असूनही तपासी अंमलदाराने वैद्यकीय तपासणी करून घेतली नसेल, तर ती सरकार पक्षाची गंभीर उणीव ठरते. उलटतपासात हा प्रश्न विसरू नकोस.

सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असला तरी तो संभाव्यतेपुरताच, म्हणजे तसं असणं अधिक शक्य वाटलं की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1964 च्या दह्याभाई ठक्कर निकालाने स्पष्ट केलंय. आपल्या पुराव्याने गुन्हेगारी हेतूबद्दल वाजवी संशय आला तरीही आरोपी सुटतो. मात्र त्याने रक्ताचे कपडे लपवले असतील, हत्यार विहिरीत टाकलं असेल, तर हा बचाव जवळपास गेलाच. तेव्हा ओढूनताणून तो घेऊ नकोस. खोट्या वेडाची दोन-चार सोंगं कोर्टात उघडी पडली, की खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहिलं जातं.

कागद मात्र आत्ताच गोळा कर. घरचे सहसा लपवतात, बहिणीचं लग्न अडेल म्हणून. दवाखान्याआधी देवऋषी झालेला असतो, अंगारे-धुपारे झालेले असतात. तेही विचार, कारण ते कधी सुरू झालं हे शेजारी साक्षीत सांगू शकतात. सरकारी ओपीडीचा चुरगळलेला केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारागृहाच्या दवाखान्यातली नोंद, सगळं मागून घे.

आणि त्याच्या आईला निर्दोष म्हणजे काय ते आधीच समजावून सांग. निकालात कृत्य त्याने केलं की नाही हे न्यायाधीश स्वतंत्रपणे नोंदवतात. केलं असेल तर तो थेट घरी येत नाही. त्याला सुरक्षित ताब्यात, बहुधा येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवतात. नातेवाइकाने काळजीची आणि कुणाला इजा होऊ न देण्याची हमी दिली, तरच त्याच्या हवाली करता येतं. अशा खटल्यांत मेलेलं माणूस पुष्कळदा त्याच घरातलं असतं. तुझ्या खटल्यातही आहे. म्हणून हमी कोण देणार, रोजच्या गोळ्या कोण देणार, हे त्या घराला आजच विचार. निकालाच्या दिवशी विचारलंस तर कुणी पुढे येणार नाही.

तुझा,
काका