आईसाठी नोकरी सोडू का?

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, सोडून देऊ का नोकरी?"

वय 47, सहकारी बँकेत नोकरी. आई 78 वर्षांची. दोनदा गॅस उघडा राहिला. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे तीनदा दिले गेले. परवा तर आई भर दुपारी पिशवी घेऊन जिना उतरली, माहेरी जायला. ते घर पडून कैक वर्षं झाली. डॉक्टरांनी आधी बी-12 आणि थायरॉइड तपासलं, ते बरं केलं. त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते सुधारतं. इथे मात्र निदान डिमेन्शियाचंच, म्हणजे स्मृतिभ्रंशाचंच निघालं.

भाऊ म्हणाला होता, "आईला सांभाळायला ब्यूरोच्या मावशीला महिना वीस हजार कशाला? तूच घरी थांब."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय! 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं या आजाराचा 2019 चा जगभरातला खर्च 1.3 लाख कोटी डॉलर धरला. त्यातला जवळपास निम्मा म्हणजे घरच्यांनी फुकट केलेली सेवा, आणि त्यातले 70 टक्के तास बायकांचे.

तिला कागदावर खर्च लिहायला सांगितला. औषधं, डायपर, मावशी. मग म्हटलं, "आता तुमचा पगार आणि पीएफ लिहा, निवृत्तीपर्यंतचा." पेन थांबलं. "हा खर्च कसा?"

पूर्वी मीही "काही महिने रजा घ्या" म्हणून मोकळी व्हायचे. चूकच ती. हा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि पन्नाशीत सुटलेली नोकरी सहसा परत मिळत नाही.

पुढच्या भेटीला भावालाही बोलावलं. नोकरी सोडली तर बुडणारा आकडा बघून तो आधी चिडला, मग बराच वेळ गप्प. शेवटी मावशीचा पगार त्यानं घेतला, महिन्यातले दोन शनिवार-रविवारही. आईला समजतंय तोवर बँकेतलं नामांकन आणि मृत्युपत्र उरकायचं ठरलं. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका म्हटलं. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं टिकत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मावशीनं दांडी मारली म्हणून भाऊ रजा टाकून आला होता. आईनं त्याला ब्यूरोचा माणूस समजून पगार विचारला म्हणे.