कर्जाचा आकडा नंतर बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद. सरकारी कर्ज आणि लोकशाही यांवरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा दोनदा वाचला. मेहनत घेतली आहेस, पण तिसऱ्या पानावर इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोबद्दलच्या एका वाक्याशी मी अडले: ‘रिकार्डोच्या मते सरकारने कर लावला काय नि कर्ज काढलं काय, एकच.’ हे वाक्य काढून टाक. पाठ्यपुस्तकांतून ते त्याच्या नावावर खपतं, म्हणून तुला दोष देत नाही. पण त्याने काय लिहिलंय ते एकदा जवळून बघ.

१८२० साली त्याने सरकारी कर्जावर एक लेख लिहिला. त्यातला हिशोब असा. युद्धाला वर्षाला २ कोटी पौंड लागणार. ते एकदाच कर बसवून उभे करा, नाहीतर ५ टक्क्यांनी कर्ज काढा आणि दरसाल १० लाख पौंड व्याज भरत राहा. कागदावर दोन्हींचा बोजा सारखा. एका माणसापुरतं बोलायचं तर आज १,००० पौंड, किंवा कायमचे दरसाल ५० पौंड. तू इथे थांबलास, रिकार्डो थांबला नाही. तो लगेच म्हणतो की २०,००० पौंड बाळगून असलेल्या गृहस्थालासुद्धा हे दोन्ही सारखंच जड आहे हे पटवणं कठीण. ५० भरणाऱ्याला आपण ५० पौंडांनीच खाली आलो असं वाटतं आणि त्याच बेताने तो घर चालवतो. १८१७ च्या त्याच्या ग्रंथात तर स्पष्टच आहे: कर्ज काढण्याच्या या पद्धतीने आपली काटकसर सुटते आणि आपली खरी स्थिती आपल्यालाच दिसेनाशी होते. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षातही सारख्याच, हा सिद्धान्त अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये मांडला. त्याला रिकार्डोचं नाव त्यानंतर चिकटलं.

आणि हे लिहिणारा माणूस बाजारात मुरलेला होता. १८१५ मध्ये, नेपोलियनशी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईच्या काही दिवस आधी ब्रिटिश सरकारने जे प्रचंड कर्ज उभारलं, ते घेणाऱ्यांत तो होता आणि त्यात त्याने भरपूर कमावलं. तोच पुढे पार्लमेंटात सांगत होता की मालमत्तेवर एकदाच जबर कर बसवा आणि सगळं कर्ज फेडून मोकळे व्हा. ज्या व्यवहारावर आपण श्रीमंत झालो तोच मिटवा म्हणणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

अ‍ॅडम स्मिथकडेही असाच परत जा. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’चं अगदी शेवटचं प्रकरण सरकारी कर्जावर आहे. बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. त्यात तो रणांगणापासून दूर, राजधानीत राहणाऱ्या लोकांचं चित्र काढतो. युद्ध कर्जावर चाललेलं, त्यामुळे कर जेमतेम वाढलेला. ही मंडळी घरी बसून वर्तमानपत्रात आपल्या आरमाराचे पराक्रम वाचतात, आणि त्या करमणुकीपुढे थोडा जास्तीचा कर त्यांना जाणवतही नाही. तह झाला की उलट हिरमुसतात. स्मिथचं म्हणणं, युद्धाचा खर्च त्या-त्या वर्षीच्या करातून काढावा लागला असता तर युद्धं लवकर संपली असती आणि उगाच सुरूही झाली नसती. लोकशाहीबद्दलचा तुझा प्रश्न मला इथे दिसतो. निर्णयाची किंमत ज्याने मोजायची त्याला ती निर्णयाच्या वेळी कळते का?

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याहून कडक होता. त्याच्या मते, भावी पिढ्यांच्या नावावर हुंड्या काढायची मुभा मंत्र्याला देणं हे उधळ्या मुलाला लंडनच्या प्रत्येक पेढीत उधारी उघडून देण्यासारखंच आहे. एकतर राष्ट्र या कर्जव्यवस्थेला संपवेल, नाहीतर ती राष्ट्राला, असं त्याने १७५२ मध्ये लिहिलं. हे भाकीत खोटं ठरलं आणि तुझ्या निबंधात ते आलंच पाहिजे. नेपोलियनशी युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास होतं. तरी देश बुडाला नाही. दीर्घ शांतता आणि वाढती अर्थव्यवस्था यांनी ते पेललं.

सावकारांचा विश्वास बसला होता हेही खरं. १६७२ मध्ये इंग्लंडच्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, पेढीवाल्यांची देणी थांबवली होती. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन होताना सरकारने १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी घेतले, आणि १७५० च्या दशकात तेच सरकार ३ टक्क्यांनी पैसा उभारत होतं. राजाच्या शब्दापेक्षा पार्लमेंटने मंजूर केलेला कर हे जास्त भरवशाचं तारण, असं सरकारी कर्जाचे रोखे घेणाऱ्यांना वाटत होतं.

पण त्या पार्लमेंटात कोण बसत होतं? निबंधाची सुरुवात मी तरी इथून केली असती. १८ मार्च १८१६. युद्ध संपलंय, सरकारला आयकर चालू ठेवायचाय, आणि पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात ते ३७ मतांनी हरतं. आयकर गेला, व्याज मात्र द्यायचंच होतं. पुढची कित्येक वर्षं सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग त्यातच जात होता. तो पैसा आला बराचसा चहा, साखर, साबण, मेणबत्त्या अशा जिनसांवरच्या करातून. म्हणजे मताचा हक्क नसलेल्या माणसाच्या मेणबत्तीतून रोखेधारकाचं व्याज. आयकर परत आला तो १८४२ मध्ये. या व्याजाबद्दल ‘हे तर उजव्या हाताचं डाव्या हाताला देणं’ असं म्हणणाऱ्यांना स्मिथने आधीच खोडून काढलं होतं. पण दोन हात दोन वेगळ्या माणसांचे कसे असतात, ते या मतदानात उघड दिसतं.

तेव्हा कर्ज उत्पन्नाच्या किती टक्के, हा तक्ता पहिल्या पानावरून मागे ने. आधी लिही: कोणी ठरवलं, कोणी भरलं, कोणाला मिळालं. रिकार्डोचा लेख मुळातून वाच, ५० पौंडांचा परिच्छेद हाताने उतरवून काढ, आणि मग तिसरं पान नव्याने लिहून पाठव. घाई करू नकोस, मी वाट बघेन.