कोंबडी एका पायावर लंगडते आहे, घरच्या घरी पाय बांधू का?

गच्चीच्या कठड्यावरून घाबरून खाली पडली, दोन दिवसांपासून उजवा पाय टेकत नाही, खाते पण एका जागी बसून असते, आणि शेजारचे काका म्हणतात "कायले त्रास घेता, सावजी रस्सा करा अन् मोकळे व्हा." असा तुमचा प्रश्न आहे. काकांचं नंतर बघू. बांधायची घाई मात्र करू नका. पाय नेमका कुठे दुखावला आहे हे कळल्याशिवाय पट्टी बांधली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. घरी चारदोन देशी कोंबड्या वर्षानुवर्षं बाळगून आहे, त्या अनुभवावर सांगतो.

दिवेलागणीला, उजेड कमी झाला की कोंबडी शांत होते. तेव्हा तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून एकाने मांडीवर धरावं, दुसऱ्याने पाय बघावा. टॉवेल छातीवर आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. छाती दाबली गेली तर पाय बाजूला राहील आणि कोंबडीच गुदमरेल.

सुरुवात तळव्यापासून करा. तळव्याच्या मधोमध काळी कडक खपली आणि भोवती सूज असेल तर ते पडल्यामुळे नाही, आत पू धरला आहे. पोल्ट्रीवाले याला बंबलफूट म्हणतात. उंचावरून सिमेंटवर वारंवार उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांना हे हमखास होतं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकून बीटाडीन लावत राहा, पण ब्लेडने खपली उकरू नका, ते काम डॉक्टरांचं.

मग बोटांच्या बेचक्या बघा, आणि नागपुरात असाल तर हे दोनदा बघा. संक्रांतीचा नायलॉन मांजा जानेवारीत संपत नाही बाप्पा, तो उन्हाळ्यापर्यंत गच्चीवर, कुंड्यांत, झाडांवर अडकून असतो. कोंबडी चालता चालता त्यात पाय गुंतवते, दोरा आवळत जातो आणि पिसांखाली दिसतही नाही. वरवर असेल तर बारीक कात्रीने कापा. मांसात रुतला असेल तर ओढू नका.

त्याच्या वर खवल्यांची नळी, तिच्यावर सांधा, मग मांडी. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पाय एकाच वेळी चाचपा, म्हणजे सूज, गरमपणा, वाकडेपणा लगेच कळतो. कातडी हिरवी दिसली तर "पाय सडला" म्हणून घाबरू नका. पक्ष्यांचा मुका मार दोनतीन दिवसांत हिरवाच होतो, आपल्यासारखा जांभळा राहत नाही. काळा, गार आणि वास मारणारा पाय ही खरी वाईट खूण. पाय लोंबकळत असेल, हात लावल्यावर आत कचकच जाणवत असेल किंवा हाड बाहेर आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

कधीकधी दुखणं पायाचं नसतंच. अंडं अडकलं तर कोंबडी शेपटी खाली पाडून ताठ उभी राहते, जोर करते आणि लंगडते. तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) असेल, एक पाय पुढे आणि एक मागे पसरून पडत असेल, तर मॅरेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय धरा. त्यावर औषध नाही, पिल्लू एक दिवसाचं असतानाच लस द्यावी लागते, आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या रंगवलेल्या पिल्लांना ती दिलेली असेल असं धरू नका. तिसरं कारण आपल्या घरात तयार होतं, भात-पोळीवर वाढवलेली कोंबडी. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते आणि मग छोट्या उडीनेही हाड मोडतं. लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य आणि वाटीत वेगळा शिंपल्यांचा चुरा ठेवा.

यातलं काही नसेल आणि नुसती लचक असेल, बहुतेक वेळा तीच असते, तर विश्रांती हेच औषध. खोका किंवा क्रेट, खाली तणस नाहीतर गोणपाट. फरशीवर नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय घसरून फाकतात. बसायला काठी नको. दाणापाणी मान वळवली की मिळेल एवढ्या जवळ. बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी, पण त्या तिला दिसतील अशी. लाल जखम दिसली की त्याच टोचून टोचून तिचा जीव घेतात.

आता ऊन. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कोंबडीचं शरीर मुळातच ४१-४२ अंशांवर चालतं. धडधाकट कोंबडी सावलीमागे सरकत राहते, लंगडीला ते जमत नाही. पायाने कोंबडी क्वचित मरते, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ठेवली तर नक्की मरेल. घरात आणा, कूलरच्या खोलीत ठेवा, झोत थेट अंगावर नको. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरत असेल तर पाय साध्या पाण्यात बुडवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. चोचीचं टोक पाण्यात टेकवा, ती स्वतः पिते.

पट्टी फक्त नळी किंवा बोट मोडलं असेल तरच. कापूस, आइस्क्रीमची काडी, वरून कागदी चिकटपट्टी. बोटं गार पडली किंवा सुजली तर लगेच सैल करा. हाड जुळायला साधारण तीन आठवडे. मांडीचं हाड घरी बांधता येत नाही, प्रयत्नही नको. हळद-तेलाचा लेप लोक हौसेने लावतात, पण तेलाने पिसं चिकटतात आणि जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात.

घरातली पेनकिलर अजिबात देऊ नका, मलमसुद्धा नाही. डायक्लोफेनॅक ही पेनकिलर दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडीची किडनीही त्याने निकामी होते.

डॉक्टरांसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हा माझ्या मते पहिला पर्याय, कारण गल्लीतले बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांपलीकडे बघत नाहीत. आधी फोन करून विचारा, नाहीतर १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय क्रमांकावर चौकशी करा. भोकं पाडलेल्या खोक्यात घालून, ऊन चढायच्या आधी न्या. अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारून घ्या.

आणि काका. कोंबडी खाते आहे, विष्ठा नीट आहे, तर कापायचं काही कारण नाही. एका पायाने अधू कोंबड्या अंगणात आरामात जगतात. औषध चालू असलेल्या कोंबडीचा रस्सा तसाही करायचा नसतो, हे त्यांना सांगा. तिने खाणंच सोडलं आणि मांडीचा चुरा झाला असेल तर वेदनेशिवाय संपवण्याचं डॉक्टरांशी बोला, सुरीपेक्षा ते बरं.

तिचं वय आणि शेवटचं अंडं कधी घातलं ते लिहा, तळव्याचा फोटो जमला तर तोही द्या. त्यावरून लचक की दुसरं काही, याचा अंदाज सांगता येईल.